दंड आहे, धाक नाही!

रस्ता ओलांडताना प्रथम कोणत्या बाजूस पाहावे, हा प्रश्न बालवर्गातील मुलास विचारण्याजोगा आहे. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून ती ओलांडणाऱ्यास उजवीकडून येताना दिसतात. तेव्हा आधी उजवीकडे पाहावे आणि मध्यावर पोहोचल्यावर डावीकडे, असे आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. परंतु ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, कल्याण-शीळ मार्गावर किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर जो मनुष्य एवढ्याच शिकवणीवर विसंबून पदपथाखाली पाऊल टाकील, तो घरी धड पोहोचेलच अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. तो उजवीकडे पाहत असतो आणि रस्त्याच्या अगदी कडेने, नेमके जेथे त्याचे पाऊल पडावयाचे असते तेथून, डावीकडून एखादी दुचाकी सुसाट निघून जाते. वर दुचाकीस्वार त्यालाच म्हणतो, ‘‘बघून चाला की!’’ उलट दिशेने येणाऱ्याने सुलट दिशेने पाहणाऱ्यास डोळे उघडण्याचा उपदेश करावा, येथवर आता मजल गेली आहे.

या प्रकारास लोकांनी ‘राँग साइड’ असे नाव देऊन टाकले आहे. नावातच चुकीची कबुली आहे आणि तरीही ते उच्चारताना कोणाची जीभ अडखळत नाही. ‘जरा राँग साइडने घ्या, वळसा वाचेल,’ असे रिक्षात मागे बसलेला सभ्य गृहस्थ सहज सांगतो. त्यातला ‘जरा’ हा शब्द आम्हास विशेष चिंताजनक वाटतो. जरा पुढे जायचे आहे, जरा त्या पेट्रोल पंपापर्यंत, जरा सोसायटीच्या फाटकापर्यंत! हा ‘जरा’ कधी शंभर पावलांचा असतो, कधी अर्ध्या किलोमीटरचा. त्या अंतराच्या टोकाला कोणी समोरून येत नाही तोवर सर्व काही ठीक असते.

हे सारे करणारे लोक गुंडपुंड नाहीत, हीच खरी अडचण आहे. सकाळी सातच्या सुमारास कोणत्याही शाळेच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. पुढ्यात एक मूल उभे, मागे दुसरे, दोघांच्या पाठीवर दप्तरे, आणि घंटा होण्याआधी पोहोचावे म्हणून पिता किंवा माता दुभाजकाच्या चुकीच्या अंगाने स्कूटर हाकीत आहे. मुलास वक्तशीरपणा शिकविण्यासाठी चाललेली ही धडपड आहे! त्या मुलाच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाहतुकीचे नियम छापलेले असतात आणि ते पुस्तक त्याच दप्तरात असते. त्यांच्या पाठोपाठ घरपोच माल पोहोचविणारे तरुण येतात. त्यांच्या पोटाची भाकरीच मिनिटांच्या हिशोबावर बेतलेली असते, म्हणून त्यांना बोल लावताना आमचा शब्द थोडा अडखळतो. त्यानंतर रिक्षा, पाण्याचे टँकर आणि अधूनमधून सरकारी पाटी लावलेली एखादी मोटारही! कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी?

उलट दिशेने वाहन चालविणे हा शिष्टाचाराचा भंग नव्हे, तो दुसऱ्याच्या जिवावर उठणारा उद्योग आहे. हे भावनेच्या भरात नव्हे, साध्या अंकगणिताने दाखविता येते. दोन वाहने एकाच दिशेने जात असतील, पुढचे ताशी 30 किलोमीटर आणि मागचे ताशी 40, तर त्यांच्यातील अंतर ताशी अवघ्या 10 किलोमीटर वेगाने कमी होते. मध्ये 30 मीटर अंतर असेल तर ते तुटावयास जवळजवळ 11 सेकंद लागतात. एवढ्या अवधीत चालक ब्रेक दाबू शकतो, बाजूला होऊ शकतो, हॉर्न वाजवू शकतो. आता हीच वाहने समोरासमोर आणा. वजाबाकीच्या जागी बेरीज येते. प्रत्येकी ताशी 40 किलोमीटर वेग असेल तर तेच 30 मीटर अंतर सव्वा ते दीड सेकंदात संपते. धोका डोळ्यांना दिसून हात-पाय हलू लागेपर्यंतच माणसाला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे अपघात टाळण्याचे कौशल्य कितीही असले तरी ते वापरण्यास वेळच उरत नाही. ‘मी वीस वर्षे गाडी चालवितो, मला सांगू नका’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा. त्यातून समोरून येणारे वाहन उरणच्या बंदराकडून भिवंडीच्या गोदामांकडे किंवा गुजरातकडे निघालेला भरलेला कंटेनर असला, तर दुचाकीस्वाराच्या बाजूने पदार्थविज्ञानाचा एकही नियम उभा राहत नाही.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांपैकी महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. मरणाऱ्यांत दुचाकीवरील माणसे शेकडा 44 हून अधिक आणि पादचारी शेकडा 19 हून अधिक होते. कारणांच्या यादीत अतिवेग पहिला, हे अपेक्षितच होते. परंतु त्याच्या खालोखाल चुकीच्या बाजूने वाहन चालविणे आहे आणि त्याचा वाटा शेकडा 5.4 आहे. टक्केवारी लहान दिसते म्हणून फसू नये. तिचे माणसांत रूपांतर केले की आकडा सुमारे नऊ हजारांवर जातो, म्हणजे दररोज पंचवीसच्या आसपास माणसे. एखाद्या पुलाचा कठडा तुटून एका दिवशी पंचवीस माणसे दगावली तर आम्ही वृत्तपत्रवाले आठ स्तंभी मथळा देतो, मंत्री धावून येतात, चौकशी समिती नेमली जाते. रोज मरे त्याला कोण रडे! शिवाय हे सारे पोलिसांनी नोंदलेले आकडे आहेत. उलट दिशेने आलेल्यास चुकविताना जो दुचाकीवरून घसरून पडला आणि कंबर मोडून घरी बसला, त्याच्या खात्यावर अनेकदा ‘तोल गेला’ एवढेच लिहिले जाते.

आता कायद्याकडे वळू. कायदा नाही असे मुळीच नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली मोठी दुरुस्ती झाली आणि तिची बहुतेक दंडविषयक कलमे 1 सप्टेंबर 2019 पासून देशात अमलात आली. धोकादायक रीतीने वाहन चालविण्याविषयीच्या 184 व्या कलमास त्या वेळी एक स्पष्टीकरण जोडण्यात आले. तांबडा दिवा ओलांडणे, हातात फोन धरून वाहन चालविणे यांच्या पंक्तीला वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध वाहन चालविणे हेही त्यात नावानिशी बसविले गेले. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आपल्या महाराष्ट्र सरकारने या दुरुस्तीला प्रथम स्थगिती देण्याची तत्परता दाखविली. निवडणूक तोंडावर होती आणि वाढीव दंड लोकांना रुचणार नव्हता. सुधारित दंड राज्यात लागू व्हावयास डिसेंबर 2021 उजाडला. मधल्या दोन वर्षांत दंडाचे आकडे थांबले, वाहने थांबली नाहीत.

परंतु कायद्याचे एक दुसरे दारही उघडे आहे. तोच मनुष्य त्याच रस्त्यावर त्याच दिशेने सापडला, तरी त्याने केवळ वाहतूकचिन्हाची अवज्ञा केली असे मानून 119 व्या कलमाखाली कारवाई करता येते. तसे झाले की सर्वसाधारण दंडाचे 177 वे कलम लागते. त्याची शिक्षा पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुन्हा केल्यास 1500. म्हणजे एकाच कृत्याची किंमत 500 रुपयांपासून कारावासापर्यंत काहीही असू शकते आणि ती ठरविणे बहुतांशी चौकात उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात राहते. तो बिचारा पावसात उभा, समोर वाहनांची रांग, पाठीमागे हॉर्नचा गोंगाट. त्याने सोपे कलम निवडले तर त्यास दोष देण्यास आमचे मन धजत नाही. दोष आहे तो वरून स्पष्ट आज्ञा न देणाऱ्यांचा.

फौजदारी कायद्याची कथा तर अधिक मनोरंजक आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली. तिच्या 281 व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. हा एक हजाराचा आकडा आला कोठून? 1860 च्या दंडसंहितेतील 279 व्या कलमातून, जसाच्या तसा! त्या वेळी रस्त्यावर मोटार नव्हती, घोड्याच्या गाड्या होत्या, आणि एक हजार रुपये ही जन्माची पुंजी होती. कायद्याचे नाव बदलले, कलमाचा क्रमांक बदलला, घोड्याच्या जागी शंभर-दीडशे अश्वशक्तीची मोटार आली. हजार रुपये मात्र तेच राहिले. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, हे योग्यच झाले. पण ती शिक्षा माणूस मेल्यानंतरची आहे. मरण्याआधीच्या कलमाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, हे वरातीमागून घोडे धाडण्यासारखे आहे.

दंड वाढवा, म्हणजे सारे सुतासारखे सरळ होतील, असे म्हणणारा एक पक्ष आहे. आम्हास हे मत मान्य नाही. 1988 च्या मूळ कायद्यात सर्वसाधारण दंड 100 रुपये होता, तो आज पाचपट झाला आहे. उलट दिशेची वाहने त्यामुळे पाचपट कमी झाली असे कोणी शपथेवर सांगावे! मनुष्य शिक्षेच्या आकाराला भिणारा प्राणी नाही, तो शिक्षेच्या निश्चितीला भितो. दहा हजारांचा दंड शंभरात एकदा होणार असेल तर नव्याण्णव वेळा तो नाहीच. आणि शंभरावी वेळ दुसऱ्या कोणाची तरी असेल, असे प्रत्येकास वाटते.

त्यातून आता यंत्राद्वारे चलन निघते. कॅमेरा किंवा पोलिसाच्या हातातील यंत्र वाहनाचे छायाचित्र टिपते आणि दंडाचा संदेश मालकाच्या फोनवर येतो. कल्पना उत्तम आहे. पोलीस आणि चालक यांच्यामधली ‘मिटवून टाकण्याची’ जागा तिने पुष्कळ आकसली, हे आम्ही मुक्तकंठाने मान्य करू. पण संदेश आला म्हणजे दंड वसूल झाला असे नव्हे. महाराष्ट्रात अशा थकलेल्या दंडाची रक्कम हजार कोटी रुपयांच्या पुढे केव्हाच गेली. दंड साचत जातो, लोकअदालतीची तारीख जवळ आली की नोटिसा निघतात, काही प्रकरणे तडजोडीने मिटतात. ज्याने पहिल्याच दिवशी निमूटपणे पैसे भरले, तो स्वतःलाच मूर्ख समजू लागतो. कायदा पाळणाऱ्यास मूर्ख वाटावयास लावणारी व्यवस्था दंडाची रक्कम कितीही मोठी छापो, तिचा धाक कोणास वाटणार? दंड या शब्दाचा मूळ अर्थ काठी. आमच्याकडे काठी आहे, पण ती कोपऱ्यात उभी केलेली आहे.

मुंबईत मार्च 2022 मध्ये तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी उलट दिशेने येणाऱ्यांवर थेट फौजदारी गुन्हे नोंदविण्याचा मार्ग धरला. त्या दिवसांत दक्षिण मुंबईपासून उपनगरांपर्यंत अनेकांना पासपोर्टाची आणि नोकरीतील चारित्र्यपडताळणीची एकाएकी आठवण झाली. मोहिमेचा तेवढा उपयोग निश्चित झाला. पण मोहीम ही पावसाच्या सरीसारखी असते, ती ओसरली की धूळ पुन्हा उडू लागते. 2018 साली पुण्यातील अमानोरा वसाहतीत रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्याचे टायर फाडणारे लोखंडी दाते बसविण्यात आले. त्याचेही पुष्कळांनी प्रथम टाळ्या वाजवून स्वागत केले. आम्ही त्या टाळ्यांत सामील नाही. लोखंडाला रुग्णवाहिका कोणती आणि उडाणटप्पू कोण हे कळत नाही, आणि रात्रीच्या अंधारात त्यावर पडणारा माणूस गुन्हेगारच असेल असेही नाही.

येथे नागरिकांच्या बाजूचे जे गाऱ्हाणे आहे त्याची बूज राखली पाहिजे. लोक उलट दिशेने का येतात? निव्वळ माजोरीपणाने येणारे आहेतच. पण कितीएक ठिकाणी रस्ताच त्यांना तिकडे ढकलतो. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांस गेल्या तीस वर्षांत वसाहतींमागून वसाहती उठल्या. माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवलीपर्यंत ज्याचे फाटक ज्या बाजूस उघडते, त्याला पलीकडच्या दिशेस जावयाचे तर वळणासाठी दूरवर जाऊन परतावे लागते. मधल्या काळात मेट्रोच्या खांबांसाठी रस्त्याच्या पोटात पत्र्याचे कुंपण आले, जुनी वळणे बंद झाली, नवी उघडली, पुन्हा बंद झाली. आज कोणते उघडे आहे हे रोजचा प्रवासीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हता. अशा वेळी सेवा रस्ता हा उलट येणाऱ्यांचा हक्काचा मार्ग बनला. तेच सेवा रस्ते मुख्य मार्गात विलीन करून रस्ता रुंद करण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले, तेव्हा रहिवाशांनी त्यास आक्षेप घेतला. आमच्या मते त्या आक्षेपात तथ्य होते. फाटकातून निघालेली स्कूटर आजवर सेवा रस्त्यावर उलटी धावत होती. सेवा रस्ताच नाहीसा झाला तर ती थेट कंटेनरांच्या मार्गात उलटी धावेल. वळणाची सोय आधी की रुंदीकरण आधी, हा प्रश्न अभियंत्यांनी कागदावर सोडवावयाचा असतो, रहिवाशांनी रक्ताने नव्हे.

कल्याण-डोंबिवलीची कुंडली आणखी वेगळी. ही गावे रेल्वेने जन्माला घातली आणि रेल्वेनेच पूर्व-पश्चिम अशी चिरली. लोहमार्ग ओलांडावयास पूल मोजके. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्री पूल नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला गेला आणि नवा पूल जानेवारी 2021 मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर 2019 मध्ये बंद झाला, तो सप्टेंबर 2021 पर्यंत बंदच होता. दोन-दोन वर्षे साऱ्या शहराचा भार ठाकुर्लीसारख्या अरुंद पुलांवर आणि गल्लीबोळांवर पडला. त्या काळात माणसे मिळेल त्या बाजूने घुसत होती आणि पोलीसही डोळेझाक करीत होते, कारण दुसरा उपाय त्यांच्यापाशी नव्हता. पूल आले, गाड्या सुरळीत धावू लागल्या, घुसण्याची सवय मात्र गेली नाही. त्यात खड्डे! 2018 च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी माणसांचे बळी घेतले, हे अजून विस्मरणात गेलेले नाही. आपल्या बाजूस गुडघाभर खड्डा आणि पलीकडची बाजू बरी असेल, तर स्कूटरचे तोंड आपोआप पलीकडे वळते. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिला. रस्ता बांधणाऱ्याच्या चुकीसही किंमत असते, हे त्यामुळे निदान कागदोपत्री सिद्ध झाले.

एवढे मान्य करूनही आम्ही नागरिकांस मोकळे सोडणार नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण अशा प्रसंगांसाठीच आहे. वळण दूर असेल तर माणसाची पाच मिनिटे जातात आणि थोडे इंधन जाते. ही गैरसोय आहे, संकट नव्हे. आपली पाच मिनिटे वाचविण्यासाठी समोरच्याचे आयुष्य पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही महानगरपालिकेच्या नालायकीतून उत्पन्न होत नाही. आणि ज्यांना दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नाही त्यांनी निदान स्वतःच्या कुटुंबाचा विचार करावा. अपघातात चुकीच्या बाजूने जाणारा मेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा वाटा मोजला जातो आणि तेवढ्या प्रमाणात विधवेच्या, मुलांच्या हाती पडणारी भरपाई कमी होते. घरातील कर्ता पुरुष गेला आणि वर न्यायालयाच्या निकालपत्रात त्याची चूकही नोंदली गेली, असे दुहेरी दुर्दैव ओढवून घेण्याइतका तो वळसा मोठा होता काय?

आमच्या लोकांस शिस्त ठाऊकच नाही, असे म्हणणाऱ्या नित्याच्या तक्रारखोरांशीही आम्ही सहमत नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली. तेव्हापासून या भागातील माणसे रुळांच्या शिस्तीत वाढली आहेत. जलद गाडीची मार्गिका कोणती, धिमीची कोणती, हे डोंबिवलीचे शाळकरी पोरदेखील सांगेल. सायंकाळी डोंबिवली स्थानकाबाहेर शेअर रिक्षासाठी जी रांग लागते ती पाहावी. दिवसभराच्या कामाने आणि लोकलच्या गर्दीने पिळून निघालेली माणसे पावसात छत्री धरून निमूटपणे उभी असतात. मध्ये घुसू पाहणाऱ्यास चारजण तेथल्या तेथे गप्प करतात. हाच मनुष्य दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून स्कूटर काढतो आणि उलट दिशेने भाजी आणावयास जातो. रांगेत त्याला चारजण पाहत होते, रस्त्यावर कोणी पाहत नाही, एवढाच काय तो फरक!

स्वीडन हा देश डाव्या बाजूने वाहने चालविणारा होता. शेजारी देश उजव्या बाजूने चालवीत. 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे त्या देशातील सगळी वाहने काही मिनिटे थांबली, बाजू बदलली आणि पाच वाजता उजव्या बाजूने चालू लागली. एका संपूर्ण राष्ट्राने एका पहाटे आपली बाजू बदलली. अर्थात त्यामागे कित्येक महिन्यांची तयारी होती. प्रत्येक चौकातील चिन्हे बदलण्यात आली होती, नवी वळणे आखली होती, घराघरांत माहितीपत्रके पोहोचली होती. आमच्यापुढे बाजू बदलण्याचे कार्य नाही. जी बाजू आहे तीच सांभाळावयाची आहे. तेवढ्यासाठी स्वीडनच्या तयारीचा दशांशही पुरे होईल, पण तोही कोणी करावा लागतो.

1981 साली स्थापन झालेल्या ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर ही सर्व शहरे येतात. म्हणजे अधिकार विखुरलेले आहेत ही सबब वाहतूक शाखेस तरी सांगता येणार नाही. डिसेंबर 2024 मध्ये राज्याचे परिवहन खातेही ओवळा-माजिवडा या ठाण्याच्याच मतदारसंघाच्या आमदारांकडे, प्रताप सरनाईक यांच्याकडे आले. तेव्हा घोडबंदर रस्ता म्हणजे काय, हे मंत्रालयास नकाशा पसरून समजावून देण्याचीही गरज राहिली नाही. आमचे मागणे मोठे नाही. उलट दिशेची वाहतूक सर्व रस्त्यांवर सारखी होत नाही. ती ठराविक जागी, ठराविक वेळी होते, आणि त्या जागा रोजच्या प्रवाशास तोंडपाठ आहेत. वाहतूक शाखेने त्या जागांची यादी करावी. प्रत्येक जागी महापालिकेचा अभियंता आणि वाहतूक अधिकारी यांनी एकत्र उभे राहून लोक येथूनच का वळतात ते पाहावे. वळण देता येत असेल तर द्यावे, पदपथ किंवा दुभाजक दुरुस्त करावयाचा असेल तर करावा. हे झाल्यानंतर, आधी नव्हे, त्या जागी सकाळी सात ते दहा आणि सायंकाळी सहा ते नऊ एकही दिवस न चुकविता माणूस किंवा कॅमेरा ठेवावा.

आणि कारवाई कोणती? प्रत्येक स्कूटरवाल्यावर फौजदारी खटला भरावा असे आम्ही म्हणणार नाही. न्यायालये आधीच गुदमरलेली आहेत. तो मार्ग अवजड वाहने, उड्डाणपुलावर उलटे चढणारे आणि ज्यांनी कोणास इजा केली असे चालक यांच्यासाठी राखून ठेवावा. बाकीच्यांसाठी 184 वे कलमच लावण्याची लेखी आज्ञा असावी, 119 चे सोपे दार बंद करावे. आणि 206 व्या कलमाने पोलिसांस दिलेला अधिकार वापरून चालकाचा परवाना जप्त करून निलंबनासाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवावा. पाचशे रुपये श्रीमंतास कवडीमोल आणि घरपोच माल देणाऱ्या पोरास अर्ध्या दिवसाची कमाई. तीन महिने परवाना नसणे मात्र दोघांनाही सारखेच झोंबते. परवाना अनेकांनी आठवड्याभरात मिळविलेला असतो, म्हणून त्याची किंमत त्यांना कळत नाही. तो गेल्यावर कळेल. अल्पवयीन मुलाच्या हाती स्कूटर देणाऱ्या पालकास 199-अ कलमाने 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. या कलमाचा वापर वृत्तात क्वचितच वाचावयास मिळतो. तोही व्हावा, आणि सुरुवात सरकारी पाटीच्या गाडीपासून करावी, म्हणजे इतरांस बोलावयास जागा राहणार नाही.

पावसाळ्यात खड्डे पडतात आणि गणेशोत्सवात मंडप येतात. त्यानंतर निम्मे रस्ते आपोआपच एकदिशा होतात आणि मग उलट कोण व सुलट कोण हेच कळेनासे होते. म्हणून ही यादी त्यापूर्वी तयार व्हावी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांनी व वाहतूक शाखेच्या उपायुक्तांनी आपल्या सहीनिशी ती जाहीर करावी. कोणत्या जागी काय दुरुस्ती, कोणत्या तारखेस, आणि तेथे पहारा केव्हापासून, हे त्यात असावे. ती आम्ही याच पानावर, याच जागी, विनामूल्य छापू. ज्या जागी तारीख उलटून गेली तिचे नावही दर पंधरवड्यास छापत राहू.